गाडीचे टायर मोठे करण्याआधी माप समजून घ्या

आठवडी बाजार करणाऱ्या कापडवाल्याची निम्मी कमाई दुकानात होते आणि निम्मी रस्त्यावर. मंगरूळपीर, मानोरा, रिसोड, कारंजा असा फेरा करणारे आपले अनेक बांधव आता बोलेरो, स्कॉर्पिओसारख्या गाड्या वापरतात. गाडी दारात आली की घरातील तरुण मुलांची पहिली फर्माईश असते, टायर मोठे टाका. माझा पुतण्याही म्हणाला, "चाचा, गाडी उंच दिसेल आणि काळ्या मातीत अडकणार नाही." मी विचार न करता होकार दिला. त्या चुकीतून जे शिकलो ते येथे देत आहे.

टायरच्या बाजूवर त्याचे माप छापलेले असते. आमच्या बोलेरोचे मूळ माप २१५/७५ आर १५. यातील २१५ म्हणजे टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये. ७५ म्हणजे बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या ७५ टक्के, म्हणजे सुमारे १६१ मिलिमीटर. १५ म्हणजे डिस्कचा व्यास इंचात, म्हणजे ३८१ मिलिमीटर. भिंत वर एक आणि खाली एक. सगळे मिळून टायरचा व्यास होतो ७०३.५ मिलिमीटर. पुतण्याने टाकले २३५/७५ आर १५. त्याचा व्यास ७३३.५. फरक ३० मिलिमीटर, म्हणजे सव्वाचार टक्के. आणि गाडी उंच किती झाली? व्यासाचा निम्मा, फक्त दीड सेंटीमीटर! एवढ्यासाठी चार टायरचे पैसे मोजले.

आता खरा मुद्दा. गाडीचा मीटर रस्ता मोजत नाही, तो चाकाचे फेरे मोजतो. आपल्या धंद्यातले उदाहरण घ्या. मीटरपट्टी सव्वाचार टक्के लांब असेल तर ताग्यातून १०० मीटर मोजून देताना प्रत्यक्षात १०४ मीटरहून जास्त कापड जाते. मोठ्या टायरचे तसेच आहे. मीटर १०० किलोमीटर दाखवतो तेव्हा गाडी १०४ पळालेली असते. ज्यांची गाडी किलोमीटरच्या हिशोबाने भाड्याने जाते त्यांनी कागद-पेन्सिल घ्यावी. महिन्याला मीटरवर ३००० किलोमीटर झाले तर खरे झाले ३१२८. दर १४ रुपये धरला तर १७९२ रुपये दर महिन्याला हवेत गेले.

उलट बाजूही आहे. मुद्दाम लहान मापाचे टायर टाकून किलोमीटर वाढवणारे मी पाहिले आहेत. तो ग्राहकाला कमी माप देण्याचाच प्रकार झाला, आणि कमी मापाबद्दल सूरह मुतफ्फिफीनमध्ये काय इशारा आहे ते आपल्याला माहीत आहे. टायर झिजल्यानेही थोडा फरक पडतो. नवा टायर ८ मिलिमीटर नक्षीचा असेल आणि १.६ पर्यंत झिजला (त्याखाली वापरणे कायद्याने मना आहे) तर व्यास पावणेदोन टक्क्यांच्या आसपास घटतो. ही झीज साहजिक आहे, त्यात कोणाची लबाडी नाही.

ॲव्हरेजबाबतही हीच गफलत होते. आमच्या डायरीत आधी लिटरला १४ किलोमीटर यायचे, मग १३ दिसू लागले. पुतण्या घाबरला. पण १३ ला सव्वाचार टक्के जोडले तर खरे साडेतेरा येतात. म्हणजे निम्मा तोटा मापाचा होता. उरलेला निम्मा मात्र खरा, कारण जड आणि रुंद टायर फिरवायला इंजिनाला जास्त जोर लागतो. भरल्या गाडीने चढावर वारंवार खालचा गिअर टाकावा लागतो आणि क्लच लवकर जातो. ब्रेकलाही तेवढीच जास्त ओढ सहन करावी लागते.

मीटर वेगही कमी दाखवतो. कारंजा किंवा शेलूबाजारजवळून समृद्धीवर चढलात आणि काटा १२० वर ठेवलात, तर गाडी १२५ च्या घरात असू शकते. तेथे कारची मर्यादा १२० आहे.

मालाच्या बाबतीत मोठा गैरसमज आहे. टायर मोठा झाला म्हणून गाडीची पासिंग वाढत नाही. वजन कमानपाटे, एक्सल आणि ब्रेक मिळून पेलतात. टायरवर मापानंतर जो आकडा असतो तो एका टायरच्या वजनाचा. १०० म्हणजे ८०० किलो, १०५ म्हणजे ९२५ किलो. नवा टायर घेताना हा आकडा जुन्यापेक्षा कमी नको. आमच्या गाडीत मागची सीट दुमडून गाठी भरल्या, पाटे दबले आणि टायर मडगार्डला घासू लागला. रिकाम्या गाडीत हे दिसलेच नव्हते.

आणि ज्या काळ्या मातीसाठी हा खटाटोप, तिथे काय झाले? पावसाळ्यात मानोऱ्याकडच्या एका शेतरस्त्यावर चिखल टायर आणि मडगार्डच्या कमी झालेल्या फटीत असा गच्च बसला की चाक फिरेना. लोखंडी पट्टीने उकरून काढला. आपल्या जमिनीत रुंदीपेक्षा नक्षी महत्त्वाची. मोकळी, खोल नक्षी असेल तर माती झडते. हे मूळ मापातही मिळते.

कायदाही लक्षात ठेवा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा बदल करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये केरळच्या एका प्रकरणात सुप्रीम कोर्टानेही हेच सांगितले. २०१९ च्या दुरुस्तीनंतर प्रत्येक बदलामागे ५००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद अशी तरतूद आहे. अपघात झाला तर विमा कंपनी याच मुद्द्यावर दाव्यात हरकत काढू शकते. मोठे टायर हवेच असतील तर गाडीच्या पुस्तकात कंपनीने दुसरे माप दिले आहे का ते पाहा. दिले असेल तर स्टेपनीही त्याच मापाची ठेवा. टायरवर चार आकडी तारीख असते, पहिले दोन आकडे आठवडा आणि शेवटचे दोन वर्ष. दुकानात वर्षानुवर्षे पडून राहिलेला माल स्वस्तात गळ्यात पडू देऊ नका.

आमचे मोठे टायर सहा महिन्यांत उतरवले. विकताना निम्मेही पैसे आले नाहीत. पुतण्या आता मूळ मापाचेच, पण खोल नक्षीचे टायर वापरतो आणि दर शुक्रवारी जुम्याला निघण्याआधी हवा तपासतो.