सोन्याआधीची माती

इजिप्तमधील थडगी म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे तूतनखामेनचा सोन्याचा मुखवटा उभा राहतो. इतिहासाच्या अभ्यासासाठी त्याच्या थडग्याविषयी वाचू लागलो तेव्हा माझी नजर मात्र छायाचित्रांतील टोपल्या वाहणाऱ्या माणसांवर खिळली. माझी आई रोजगार हमीच्या कामावर पाट्या वाहायची, त्यामुळेही असेल.

हॉवर्ड कार्टर यांनी १९१७ पासून राजांच्या खोऱ्यात खोदकाम चालविले होते. खोदकाम म्हणजे बहुतेक दिवस माती आणि दगडांचा चुरा हलविणे. मजूर तो ओढीत, मुले टोपल्यांतून वाहून नेत. देखरेखीला ‘रईस’, म्हणजे आपल्याकडचे मुकादम. १९२२ च्या नोव्हेंबरात प्राचीन मजुरांच्या झोपड्यांचे अवशेष हलविताना, ४ तारखेला, पहिली पायरी लागली. झोपड्या तूतनखामेननंतर सुमारे पावणेदोनशे वर्षांच्या. मजुरांच्या वस्तीनेच राजाचे थडगे चोरांपासून झाकून ठेवले होते!

पुढे घाई करणे शक्यच नव्हते. आत पाच हजारांहून अधिक वस्तू खच्चून भरलेल्या. प्रत्येकीला क्रमांक द्यायचा, हॅरी बर्टन यांनी छायाचित्र घ्यायचे, जागेची नोंद करायची आणि मगच ती उचलायची. मण्यांच्या चपला दिसायला धडधाकट, पण आतला दोरा कुजलेला. हात लावताच मणी ओघळायचे. म्हणून त्यांवर वितळलेले मेण ओतून ते घट्ट होऊ देत. दुसऱ्या सेतीचे थडगे हीच प्रयोगशाळा झाली होती आणि तेथे आल्फ्रेड लुकास हे रसायनतज्ज्ञ काम करीत. थडगे रिकामे व्हायला जवळजवळ दहा वर्षे लागली.

कार्टर यांनी आपल्या ग्रंथात अहमद गेरिगर, गाद हसन, हुसेन अबू अवद आणि हुसेन अहमद सईद या चार मुकादमांचे नावानिशी आभार मानले आहेत, हे मला आवडले. टोपलीवाल्या मुलांची नावे त्या यादीत नाहीत.

१९२३ च्या मे महिन्यात पेट्या नाईल नदीपर्यंत न्यायच्या होत्या. छोट्या रुळांवरच्या गाड्या होत्या, पण रूळ अपुरे. तेव्हा मजुरांनी गाड्या हाताने ढकलायच्या, मागचे रूळ उखडून पुढे आणून जोडायचे आणि पुन्हा ढकलायच्या. उन्हाने रूळ हाताला चटका देत होते. अशा कष्टाचे पंधरा तास झाले, तेव्हा पेट्या नदीकाठी पोचल्या आणि तेथून बोटीने कैरोला गेल्या.