राऊटरची पेटी

गावोगावी आता काचेची तार येऊ लागली आहे. ती ग्रामपंचायतींपर्यंत न्यायची, असे सरकारने २०११ साली ठरवले. त्या योजनेला आज भारतनेट म्हणतात. गावात आलेली तार पुढे कोणाकोणाच्या घरात शिरते. मग भिंतीवर एक पेटी बसते. तिचे नाव राऊटर. बसवणारा येतो, तासाभरात काम उरकतो आणि जातो. घरची मंडळी पेटीकडे बघत राहतात. हात लावावा की नको? हे दिवे कसले? ते आपण आज पाहू.

आधी तार. तिच्या आत केसासारखा बारीक काचेचा धागा असतो. त्यातून वीज येत नाही, उजेड येतो. तो दर सेकंदाला कोट्यवधी वेळा लुकलुकतो. त्या लुकलुकण्यातच चित्र, आवाज, अक्षर सगळं असतं. हा उजेड डोळ्यांना दिसत नाही, पण डोळ्यांना अपाय करू शकतो. म्हणून तुटलेल्या तारेच्या टोकाला डोळा लावू नये. आणि काच ती काचच! लुगड्याची घडी घालावी तशी तार दुमडली तर आतला धागा मोडतो. तिच्यावर धुणे वाळत घालू नका.

तार म्हणजे शिवारापर्यंत आलेला पाट. पाणी वाफ्यात न्यायला चारी लागते. राऊटर ही घरातली चारी. तारेतला उजेड ही पेटी ओळखते आणि रेडिओसारख्या लहरी घरभर सोडते. त्यालाच वायफाय म्हणतात.

पेटी कुठे बसवावी? बसवणारा बहुधा दाराशीच ठोकतो, कारण तार कमी लागते. आपण म्हणावे, "भाऊ, मधल्या खोलीत घ्या." उंचावर, मोकळ्या जागी ती बरी. लोखंडी कपाटात, पत्र्याच्या आड किंवा पाण्याच्या पिंपामागे ठेवली तर लहरी अडतात. जाड दगडी भिंतही अडवते. फोनवर पुष्कळदा दोन नावे दिसतात. एकाच्या शेवटी ५ असतो. त्या लहरींचा वेग जास्त, पण भिंतीपुढे त्या दमतात. दुसऱ्या नावाचा वेग कमी, पण लहरी लांब जातात. गोठ्यात फोन चालवायचा असेल तर ते दुसरे नाव घ्यावे.

दिव्यांजवळची अक्षरे इंग्रजी असतात. ती येत नसली तरी रंग कळतो. लाल दिवा लुकलुकला तर बहुधा बाहेर तार तुटली आहे किंवा दुमडली आहे. पेटी पन्नास वेळा बंदचालू करून काही होत नाही. कंपनीला फोन करावा. लाल दिवा नाही, पण फोन अडखळतो, अशा वेळी मात्र पेटी बंद करावी, एक मिनिट थांबावे, पुन्हा लावावी. दिवे स्थिर व्हायला काही मिनिटे जातात. पेटीला एक बारीक भोक असते. त्यात काडी घालू नका. ते रीसेटचे भोक. ते दाबून धरले की पेटीला शिकवलेले सगळे ती विसरते, मग बसवणाऱ्याला पुन्हा बोलवावे लागते.

आता पासवर्ड. ही घराची किल्ली आहे. बसवणारा पुष्कळदा आपला फोन नंबर किंवा १२३४५६७८ ठेवून जातो. अशी किल्ली गावातल्या कोणत्याही पोराला सापडते. तो गेल्यावर नव्हे, तो समोर असतानाच ती बदलून घ्यावी. एकमेकांशी न जुळणारे तीन-चार शब्द घ्यावेत. बैल, परात, जांभूळ असे. (हे मात्र आता छापले गेले, दुसरे शोधा!) पासवर्डला अक्षरे इंग्रजी लागतात, ती शाळेतल्या मुलीकडून लिहून घ्या आणि आपल्या वहीत उतरवा. भिंतीवर खडूने लिहू नका.

एवढे कशाला, असे कोणी म्हणेल. आपल्या वायफायवरून कोणी दुसऱ्याला फसवले किंवा धमकी पाठवली, तर चौकशीला माणसे आधी आपल्या दारी येतात. जोडणी आपल्या नावाची असते ना!

पण शेजाऱ्याला नाही कसे म्हणायचे? त्याच्या मुलीला परीक्षेचा निकाल पाहायचा असतो. आम्हाला वाटते, नाही म्हणूच नये. पुष्कळ पेट्यांत पाहुण्यांसाठी वेगळे नाव आणि वेगळा पासवर्ड करता येतो. पाहुण्याला ओटीवर बसवतो, माजघरात नेत नाही, तसेच हे. काम झाले की ते नाव बंद करता येते.

कधी फोन येतो, "तुमची पेटी बंद होणार आहे, आलेला ओटीपी सांगा." सांगू नका. फोन ठेवून द्या. कोणी सांगून बसला आणि पैसे गेले, तर लाजत बसू नये. लगेच १९३० या नंबरावर फोन करावा. जितका लवकर, तितके पैसे अडवता येण्याची आशा जास्त.

पेटी फार वीज खात नाही. दहा वॉटची पेटी महिनाभर रात्रंदिवस चालली तरी सुमारे ७ युनिट होतात. वीज गेली की मात्र तीही मुकी होते. तिच्यासाठी लहान बॅटरी मिळते. ती घेताना पेटीच्या अडॅप्टरवर किती व्होल्ट लिहिले आहेत ते वाचावे, तेवढ्याच व्होल्टची घ्यावी. आणि वळवाच्या पावसात ढग गडगडू लागले की अडॅप्टर भिंतीतून काढून ठेवावा.