हिरव्या डोंगरावर माणसं का दिसत नाहीत? (आयर्लंडमधल्या टीव्ही-प्रेमपटांवरून एक पाठ)



"मुलांचं इंग्रजी सुधारायला कोणते सिनेमे दाखवू?" हा प्रश्न पालकसभेत हमखास येतो. मारामारी नको, शिव्या नकोत, आजी शेजारी बसली तरी चॅनल बदलायची वेळ येऊ नये आणि इंग्रजी सोपं असावं, अशा पालकांच्या अटी असतात. या सगळ्या अटींत बसणारा एक प्रकार म्हणजे अमेरिकेत खास टीव्हीसाठी काढलेले प्रेमपट. त्यातही आयर्लंडमध्ये घडणारे. हिरवेगार डोंगर, दगडी कुंपणं, समुद्राचे कडे, जुना किल्ला आणि शेवटी लग्न. वरच्या वर्गातली मुलं (सातवी-आठवीची) हे सिनेमे घरी मोबाईलवर बघतातच. मग त्यांचा पाठ म्हणून उपयोग का करू नये?

आधी हे सिनेमे बनतात कसे ते समजून घेऊ. यातलं सगळ्यात मोठं नाव हॉलमार्क. ही मुळात शुभेच्छापत्रं छापणारी कंपनी. 1910 मध्ये अमेरिकेतल्या कॅन्सस सिटीत सुरू झाली आणि 2001 पासून त्याच नावाचं चॅनल आहे. हे मुलांना सांगितलं की त्यांना पटकन कळतं. यातली बरीच दृश्यं खरोखर शुभेच्छापत्रासारखीच असतात : मध्यभागी दोन माणसं, मागे सुंदर देखावा, कुठे कचरा नाही, कुठे विजेच्या तारा नाहीत. सिनेमा साधारण 85 मिनिटांचा. दोन तासांच्या वेळेत उरलेला वेळ जाहिरातींचा. चित्रीकरण बहुधा तीनेक आठवड्यांत उरकतं, त्यामुळे प्रसंग मोजके, पात्रं मोजकी आणि संवाद सरळ. इंग्रजी ऐकायला सोपं वाटतं ते याच कारणाने.

गोष्टीचा साचा ठरलेला. शहरातली, कामात बुडालेली नायिका काहीतरी निमित्ताने आयर्लंडला जाते. तिथला माणूस आधी खडूस वाटतो, मग आवडायला लागतो. शेवटच्या पंधरा-वीस मिनिटांत एक गैरसमज होतो, तो मिटतो, आणि मग चुंबन. 'अ‍ॅज लक वुड हॅव इट' (2021) मध्ये न्यूयॉर्कची नायिका किल्ल्यासह जमीन विकत घेऊन रिसॉर्ट बांधायला येते आणि गावकऱ्यांचं मन वळवायला तिथल्या जोड्या जुळवण्याच्या उत्सवात भाग घेते. (असा उत्सव खरंच आहे बरं का! क्लेअर परगण्यातल्या लिसडूनवर्ना गावात दर सप्टेंबरमध्ये भरतो. सुगी आटोपली की शेतकरी लग्नं जुळवायला तिथे जमत, त्यातून तो सुरू झाला.) 'ख्रिसमस अ‍ॅट कासल हार्ट' मधली नायिका आपल्या आयरिश पूर्वजांचा शोध घ्यायला येते आणि थेट एका अर्लच्या, म्हणजे सरदाराच्या किल्ल्यात पोहोचते. नेटफ्लिक्सवरचा 'आयरिश विश' (2024) याच घराण्यातला. फक्त तिथे एका जादूच्या दगडावर बसून नायिका इच्छा मागते.

पण या सगळ्या बायका आयर्लंडलाच का जातात? व्यवहाराची कारणं आहेतच. तिथे इंग्रजी चालतं, आणि देशात सिनेमा काढला तर खर्चावर करसवलत मिळते. तरी खरं कारण प्रेक्षकात आहे, असं मला वाटतं. आपले पूर्वज आयरिश होते असं सांगणारे तीन कोटींहून अधिक लोक अमेरिकेत आहेत. त्यांच्यासाठी आयर्लंड म्हणजे आजोबा-पणजोबा सोडून आले ते गाव. जॉन फोर्डचा 'द क्वाएट मॅन' हा 1952 चा गाजलेला चित्रपट बघा. अमेरिकेत वाढलेला नायक आपलं जन्मघर परत विकत घ्यायला आयर्लंडला येतो आणि तिथल्या लाल केसांच्या मुलीच्या प्रेमात पडतो. तो चित्रपटगृहांसाठी होता, पण आजच्या टीव्ही-सिनेमांचं मूळ मला त्यातच दिसतं. आता नायकाच्या जागी नायिका आली आणि बैलगाडीच्या वेगाची गोष्ट जाहिरातींच्या वेगाने चालायला लागली, इतकंच. परत येण्याची गोष्ट तीच.

आता मुद्द्याकडे येते. 'आयरिश विश'चा एक तुकडा मी आठवीला आवाज बंद करून दाखवला होता. नुसतं बघा आणि काय दिसतं ते लिहा, एवढंच काम. बहुतेकांनी गवत, मेंढ्या, डोंगर, समुद्र असं लिहिलं. एका मुलीने मात्र उलट मलाच विचारलं, "मॅडम, एवढी हिरवी जमीन आहे, पाऊसपण आहे, मग तिथं माणसं का नाहीत?"

हा प्रश्न सोन्यासारखा आहे. त्याचं उत्तर द्यायला भूगोल पुरत नाही, इतिहासात जावं लागतं.

1841 च्या जनगणनेत आयर्लंड बेटावर सुमारे 82 लाख माणसं होती. आज उत्तर आणि दक्षिण दोन्ही भाग धरून ती 70 लाखांच्या आसपास आहेत. मुलांना हे आकडे फळ्यावर लिहून द्या आणि गप्प बसा. जगभर लोकसंख्या वाढली, आपल्याकडे तर कितीतरी पट वाढली, आणि एक देश पावणेदोनशे वर्षांनंतरही आधीच्या आकड्याला पोहोचलेला नाही! पश्चिमेकडच्या मेयो परगण्याचे आकडे तर आणखी बोलके आहेत : 1841 मध्ये 3 लाख 88 हजारांवर, 2022 मध्ये 1 लाख 38 हजारांच्या आसपास. 'द क्वाएट मॅन' याच मेयोत चित्रित झाला, आणि 'आयरिश विश' मधलं वेस्टपोर्ट शहरही मेयोतलंच.

झालं काय होतं? जमीन मोठ्या जमीनदारांची, आणि त्यातले बरेचसे इंग्लिश वंशाचे. कसणारी आयरिश कुळं. (कूळ हा शब्द आपल्या मुलांना सातबाऱ्यामुळे आणि कूळकायद्यामुळे घरी ऐकून माहीत असतो, तोच वापरा.) धान्य आणि गुरं खंड भरायला जात, आणि कुळांच्या पोटाला उरे बटाटा. तोही थोड्याशा जागेत पिकतो म्हणून. 1845 मध्ये बटाट्यावर करपा आला, पुढची काही वर्षं पीक पुन्हा पुन्हा गेलं. सुमारे दहा लाख माणसं भुकेने आणि तापाने मेली, दहा लाखांहून अधिक देश सोडून गेली. त्या काळातही आयर्लंडमधून अन्नधान्य बाहेर जात होतं. खंड थकलेल्या कुळांना घरातून काढलं जात होतं, आणि ती परत येऊ नयेत म्हणून घराचं छप्पर मोडलं जात होतं.

म्हणजे पडद्यावर जो मोकळा, शांत डोंगर दिसतो तो मुळातच रिकामा नव्हता, तो रिकामा झाला. पश्चिम आयर्लंडच्या डोंगरउतारांवर तिरकं ऊन पडलं की गवताखाली समांतर रेघा दिसतात. ते बटाट्याचे जुने वाफे आहेत. कसणारी माणसं गेली, वाफ्यांवर गवत वाढलं. कॅमेऱ्याला ते छान दिसतं. वेस्टपोर्टजवळ मुरिस्क इथे 1997 पासून दुष्काळाचं राष्ट्रीय स्मारक आहे : काशाचं एक गलबत, आणि त्याच्या दोरखंडांच्या जागी माणसांचे सांगाडे. शक्य असेल तर त्याचा फोटो आणि सिनेमातलं एखादं दृश्य शेजारी शेजारी दाखवा. वर्गात मी काही बोलले नाही, मुलंच बोलली. एकजण म्हणाला, "म्हणजे जी गेली त्यांचीच नातवंडं सिनेमात परत येतात." मला वाटतं या सिनेमांवर याहून नेमकं बोलणं अवघड आहे.

हे कळल्यावर 'ख्रिसमस अ‍ॅट कासल हार्ट' मधल्या अर्लकडे मुलं वेगळ्या नजरेने बघतात. सिनेमात तो दिलदार, एकटा, देखणा सरदार. पण आयर्लंडच्या राज्यघटनेतच लिहिलं आहे की राज्य कुणालाही सरदारकीची पदवी देणार नाही. ज्या किल्ल्यात नायिका नाचते, तसल्या वाड्यांच्या दारात खंड माफ करा म्हणून कुळं उभी राहत होती, हे गोष्टीत कुठेच येत नाही. येणारही नाही, कारण ते आलं तर शुभेच्छापत्र राहणार नाही.

याच भागाचा आपल्या अभ्यासक्रमाशी एक थेट धागा आहे. 'द क्वाएट मॅन' जिथे चित्रित झाला त्या काँग गावापासून काही किलोमीटरवर मास्क नावाचं सरोवर आहे. त्याच्या काठी 1880 मध्ये चार्ल्स बॉयकॉट नावाचा एका लॉर्डच्या जमिनीचा कारभारी राहत होता. खंड कमी करायला तो तयार होईना, तेव्हा लोकांनी त्याला हात लावला नाही, फक्त त्याच्याशी संबंध तोडले. मजूर येईनात, दुकानदार सामान देईना, टपाल पोहोचेना. पीक काढायला बाहेरून पन्नास माणसं आणावी लागली आणि त्यांच्या रक्षणाला सैन्य. त्या बंदोबस्ताचा खर्च पिकाच्या किमतीच्या कितीतरी पट झाला. वर्ष संपायच्या आत बॉयकॉट देश सोडून गेला, आणि त्याचं आडनाव इंग्रजी भाषेत शब्द होऊन राहिलं. पुढे वंगभंगाच्या चळवळीत हाच शब्द आपल्याकडे आला. टिळकांच्या चतुःसूत्रीतला 'बहिष्कार' शिकवताना मी आता मास्क सरोवराची गोष्ट सांगते. होमरूल हे नावसुद्धा तिकडचंच. प्रेमपटाच्या देखाव्यातून निघालेली मुलं स्वदेशीपर्यंत येतात.

वर्गात करता येण्यासारखं आणखी एक काम नकाशाचं आहे. 'आयरिश विश'चं चित्रीकरण पूर्वेला विकलो परगण्यातल्या किलरडरी वाड्यात, पश्चिमेला वेस्टपोर्टला आणि मोहरच्या कड्यांवर झालं. किलरडरी ते मोहर रस्त्याने अडीचशे किलोमीटरहून जास्त. सिनेमात मात्र ही ठिकाणं एका गाडीच्या फेरीत येतात. 'लीप इयर' (2010) तर धमालच आहे. हा चित्रपटगृहांसाठी काढलेला, पण साचा तोच. वेल्सहून कॉर्कला निघालेली होडी वादळामुळे डिंगलला लागते. नकाशात बघा म्हणजे हसू येईल : बेटाला वळसा घालून पार पश्चिम टोक! शिवाय तिथलं 'डिंगल' हे डिंगल नाहीच, तो इनिस मोर बेटाचा किनारा आहे. आराखडा पुस्तिकेवर गिरवून मुलांनी नायिकेचा प्रवास काढला, की प्रमाण, दिशा, अंतर सगळं त्यात येतं. आणि त्याच इनिस मोरवरची ती सुंदर दगडी कुंपणं शोभेची नाहीत. खडकाळ बेटावर शेत करायचं तर दगड वेचून बाजूला रचावे लागले, आणि माती हवी म्हणून वाळू आणि समुद्री शेवाळ वाहून आणून पसरावं लागलं. त्या बेटावर घरात आजही आयरिश भाषा बोलली जाते. सिनेमात तिचं अस्तित्व जवळजवळ नाहीच.

पालकांसाठी काही व्यवहाराचं. उच्चारांसाठी सिनेमा दाखवणार असाल तर नायक कोण आहे ते बघा. 'अ‍ॅज लक वुड हॅव इट' मधला अ‍ॅलन लीच आणि 'कासल हार्ट' मधला स्टुअर्ट टाउनसेंड हे दोघेही आयरिश आहेत, त्यांचं बोलणं खरं. 'लीप इयर'चा नायक मॅथ्यू गूड इंग्लिश आहे, त्याचा आयरिश हेल ओढूनताणून आणलेला. मुलांना हा फरक एकदा ऐकवला की 'इंग्रजी म्हणजे एकच इंग्रजी' हा समज जातो. 'द क्वाएट मॅन' मात्र मुलांसमोर अख्खा लावू नका. त्यात नायक बायकोला शेतातून फरफटत नेतो आणि गाव मागे मजा बघत चालतं. 1952 मध्ये ते विनोदी समजलं गेलं. आठवीच्या वर्गात ते दाखवायचं तर आधी अर्धा तास त्यावरच बोलायला हवं, आणि नाही दाखवलं तरी पाठ अडत नाही.

हे सिनेमे बघू नयेत असं मी अजिबात म्हणत नाही. मीसुद्धा रविवारी चहा घेऊन बघते. त्यांत कुणी कुणाला पाडत नाही, म्हाताऱ्या माणसांना किंमत असते, आणि गावात परत यावंसं वाटणं ही भावना खोटी नाही. ती आपल्या मुलांना कळते. "आमच्या गावालापण गणपतीतच घरं उघडतात," असं आमच्या वर्गातल्या मूळ कोकणातल्या एका मुलाने लिहून दिलं. त्याला पुढचं काम मी असं दिलं : गावातल्या कुलूप लावलेल्या एका घराबद्दल आजीला विचार, ती माणसं कुठे गेली आणि कशासाठी गेली. पंधरा ओळी लिहून आण. त्याने तीन पानं आणली. आता बाकीची मुलंही आपापल्या गावचं एकेक घर मागत आहेत.