साठ रॉकवेलचा कागद

कर्नाटकातल्या हुणसूर तालुक्यातली माती तांबडी, हलकी, वाळूसर. पाणी धरून न ठेवणारी ही जमीन सिगारेटच्या व्हर्जिनिया तंबाखूला मानवते. म्हणून तंबाखू संशोधनाचं केंद्र इथे आहे, आणि कट्टेमळलवाडी, चिलकुंदा इथे तंबाखू मंडळाचे लिलाव भरतात. शेतकऱ्याला लाभणारी हीच माती यंत्राला मात्र खाते. वाळू म्हणजे बहुतांशी क्वार्ट्झ. व्हिकर्सच्या मापाने त्याचा कडकपणा हजाराच्या वर जातो, आणि साधं पोलाद त्याच मापावर दीडशेच्या आसपास घुटमळतं. रोटाव्हेटरची पाती, पंपाचे इम्पेलर, तुसाच्या नळ्या, सगळं इथे लवकर झिजतं. मी मूळचा कोल्हापूरकडचा. फाउंड्रीत आणि मशीन शॉपमध्ये उमेदीची वर्षं काढून या भागात यंत्रदुरुस्तीला आलो. झिजेवर लोक किती पैसे घालतात आणि ते कसे वाया जातात, हे इथे फार जवळून बघायला मिळालं.

लक्ष्मणतीर्थ नदीवर हनगोडूचा बंधारा आहे, त्याच्या कालव्याखाली भात पिकतो. भात आला की गिरणी आली, गिरणी आली की तूस आलं. शंभर किलो भातामागे साधारण वीस किलो तूस निघतं. हातात घेतलं तर फुंकरीने उडेल इतकं हलकं, पण जाळून राख करा. त्या राखेत ८५ ते ९५ टक्के सिलिका सापडते. म्हणजे ब्लोअर जे तूस नळीतून अंगणात फेकतो, तो एका अर्थाने उडता पॉलिश पेपरच असतो. सरळ नळी वर्षानुवर्षं टिकते. भोक पडतं ते वळणावर.

एका गिरणीत हे वळण तीन मिलिमीटर पत्र्याचं होतं, काटकोनी, आत गोलाई नाही. समोरच्या भिंतीवर तूस थेट आदळायचं. दर हंगामात ठिगळ लावून कंटाळलेल्या मालकांनी बाहेरगावच्या एका वर्कशॉपकडून त्या भिंतीला आतून हार्ड फेसिंग करून, म्हणजे वेल्डिंगने कडक थर चढवून, आणलं. क्रोमियम कार्बाइडचा रॉड, वर प्रमाणपत्र: कडकपणा ६० रॉकवेल सी. खर्च नव्या बेंडच्या कितीतरी पट. बेंड पहिल्यापेक्षा लवकर फुटला.

"कागदावर साठ आहे की, सर," मालक म्हणाले. "साठला कानससुद्धा चालत नाही."

"मोजलं कशावर, अण्णा? या बेंडवर की दुसऱ्या तुकड्यावर?"

दुसऱ्या तुकड्यावरच मोजलं होतं. वर्कशॉपने जाड पट्टीवर एकावर एक दोन थर चढवले, त्याचा कडकपणा घेतला आणि तो आकडा बेंडच्या नावाने लिहून दिला. बेंडवर एकच थर होता. वेल्डिंग करताना खालचं लोखंड वितळून थरात मिसळतं, त्यामुळे पहिल्या थरातलं क्रोमियम आणि कार्बन पातळ होतं; खरा गुण दुसऱ्या थरात येतो. पण तीन मिलिमीटरच्या पत्र्यावर दोन थर चढवायला गेलं तर पत्रा पापडासारखा वाकतो, म्हणून त्यांनी एकावरच थांबवलं. वेल्डरचा हात वाईट नव्हता. प्रमाणपत्र खोटं होतं असंही म्हणता येणार नाही. ते दुसऱ्याच वस्तूचं होतं, एवढंच.

दोन थर बसले असते तरी काम नीट झालं नसतं, आणि झिजेच्या धंद्यात सर्वांत जास्त पैसा बुडतो तो हे न कळल्यामुळे. कण पृष्ठभागावर कोणत्या कोनात आदळतो यावर सगळं अवलंबून असतं. १९६० साली आयन फिनी यांनी कण धातूला कसा कापतो याचं गणित मांडलं. मऊ, चिवट धातूला तिरका मार जास्त लागतो. साधारण २० ते ३० अंशांवर कण रंधा मारल्यासारखा धातू खरडून नेतो. काचेसारख्या कडक, ठिसूळ पदार्थाचं उलटं. तिरका कण त्यावरून घसरून जातो, पण सरळ ९० अंशांत आदळला की बारीक तडे पडून टवके निघतात. क्रोमियम कार्बाइडच्या थराला तर थंड होतानाच आडवे तडे पडलेले असतात, तो त्याचा स्वभावच आहे. त्या बेंडमध्ये मार सरळ होता. जिथे कडकपणा कामाला येत नाही, नेमका तिथेच कडकपणा विकत घेतला गेला.

बेंड कापून उघडला तेव्हा आणखी एक गोष्ट दिसली. भोक हार्ड फेसिंगवर नव्हतंच, त्याच्या कडेला होतं. थर जिथे संपतो आणि साधा पत्रा सुरू होतो तिथे पायरी तयार झाली होती. हवा त्या पायरीवर गिरकी घ्यायची आणि तूस तिथेच घासत राहायचं. कडक थर आरपार जाण्याआधीच शेजारचा पत्रा आरपार.

त्या गिरणीत पुढे जे केलं त्यात धातूशास्त्र फारसं नाही. बेंड काढून टाकला आणि त्या जागी टी बसवली, समोरचं तोंड बंद करून. त्या बंद खिशात तूस साचून राहतं आणि मागून येणारं तूस साचलेल्या तुसावर आदळतं. तुसाने तूस झिजवलं तर कुणाचं काय जातं? दाब थोडा जास्त लागतो, ते मान्य करावं. दुसरं, ब्लोअरची पुली बदलून वेग उतरवला. झीज वेगाच्या साध्या प्रमाणात वाढत नाही, दुसऱ्या ते तिसऱ्या घाताने वाढते. अडीच घात धरला तर सेकंदाला ३० मीटरचा वेग २४ वर आणल्यावर झीज जवळपास ५७ टक्क्यांवर येते. अर्थात वेग इतकाही उतरवू नये की तूस नळीत खाली बसून चोंदेल; थोडं थोडं कमी करत, नळीला कान लावून बघावं लागतं. कुठलाही लेप घेण्याआधी वेग आणि कोन यांच्याकडे बघा. हे दोन्ही बदल बहुतेक वेळा लेपापेक्षा स्वस्त पडतात, म्हणूनच ते सुचवायला विक्रेता येत नाही.

पंपांचं दुखणं वेगळं. नदीवरचे आणि शेततळ्यावरचे पंप उघडले की बहुतेक लोक इम्पेलर बघून म्हणतात, "वाळूने खाल्ला." निम्म्या वेळा तरी ते चूक असतं. वाळूने झिजलेला धातू चकचकीत, गुळगुळीत, लाटा उठल्यासारखा दिसतो, आणि झीज पाण्याचा वेग जास्त असतो तिथे, म्हणजे पात्यांच्या बाहेरच्या टोकाला असते. पात्याच्या आतल्या, पाणी शिरण्याच्या बाजूला धातू खडबडीत, भोकाभोकांचा झाला असेल तर तो वाळूचा उद्योग नाही, कॅव्हिटेशन आहे. दाब कमी झाल्यामुळे पाण्यात वाफेचे बुडबुडे होतात आणि पुढे दाब वाढला की फुटतात. फुटताना बसणारा बारीक पण जबर हिसका धातूला टोचत राहतो. चालू पंपातून खडे हलवल्यासारखा आवाज येतो तो याचाच.

हुणसूरला त्याचं एक स्थानिक कारण आहे. गाव समुद्रसपाटीपासून आठशे मीटरच्या आसपास आहे. कोकणपट्टीत हवेचा दाब १०.३ मीटर पाण्याएवढा असतो, इथे तो ९.४ च्या घरात येतो. म्हणजे पंपाला पाणी ओढायला जवळजवळ एक मीटरची सवलत कमी. खाली किनाऱ्यावर विनातक्रार चालणारी सक्शनची मांडणी इथे तशीच केली, वर फूट व्हॉल्व्हच्या जाळीत पालापाचोळा अडकला, की बुडबुडे ठरलेलेच. अशा इम्पेलरला इपॉक्सीचा लेप लावणारे मी पाहिले आहेत. पहिल्याच हंगामात लेपाचे तुकडे डिलिव्हरी पाइपमधून बाहेर येतात. आधी पंप खाली घ्या, सक्शनची नळी आखूड आणि रुंद करा, जाळी साफ करा. तेवढं करूनही भागलं नाही तर ॲल्युमिनियम ब्राँझ किंवा १३-४ क्रोम-निकेल स्टेनलेसचा इम्पेलर बघा.

१३-४ वरून आठवलं. हिमाचलात सतलजवरचा नाथपा झाकरी प्रकल्प १५०० मेगावॉटचा. हिमालयातला ताजा, टोकदार गाळ टर्बाइनवर येतो, म्हणून तिथे त्याच जातीच्या पोलादावर एचव्हीओएफ पद्धतीने टंगस्टन कार्बाइड चढवतात. त्यात भुकटी आवाजाच्याही वेगाहून जास्त वेगाने पृष्ठभागावर मारली जाते. एवढं करूनही गाळ एका मर्यादेबाहेर गेला की संच बंद ठेवावे लागतात. आपल्या कोयनेला एवढा मोठा जलाशय आहे की गाळ बराचसा आधीच खाली बसतो. तिथला अनुभव सतलजला लागू करता येत नाही, आणि सतलजचा लेप लक्ष्मणतीर्थावरच्या पाच हॉर्सपॉवरच्या पंपाला लावण्यात अर्थ नाही.

तंबाखूच्या भट्ट्यांबद्दल थोडक्यात. बार्नमध्ये लाकडाच्या भट्टीतला धूर पत्र्याच्या नळ्यांमधून फिरवून पानं सुकवतात. गंजू नये म्हणून भट्टीला लागूनची पहिली नळी जस्ताच्या पत्र्याची घालायचा मोह काहींना होतो. जस्ताचा मुलामा सतत २०० अंश सेल्सिअसच्या वर ठेवला की सुटायला लागतो, आणि ४१९ अंशांना जस्त वितळतंच. त्या तोंडाशी साधा पण जाड पत्रा बरा. पैसे असतील तर ॲल्युमिनियमचा मुलामा असलेलं पोलाद. जस्त पुढच्या, थंड नळ्यांना. हंगाम संपला की आतली राख झाडून काढा. राख ओल धरते, आणि नळ्या आगीपेक्षा पावसाळ्यात बंद पडून राहण्याने जास्त खराब होतात. जस्ताच्या पत्र्यावर वेल्डिंग करायचंच असेल तर मुलामा घासून काढा आणि उघड्यावर करा. त्या धुराने रात्री थंडी वाजून ताप भरतो.

आता चाचण्यांचं. लेप किंवा हार्ड फेसिंग विकत घेताना लोक दोन कागदांवर भुलतात: कडकपणाचा आकडा आणि सॉल्ट स्प्रेचे तास. सॉल्ट स्प्रे ही मिठाच्या फवाऱ्यातली गंजाची चाचणी. एका मालाची दुसऱ्याशी तुलना करायला ती ठीक. पाचशे तास म्हणजे शेतात किती वर्षं, असं गणित तिच्यातून निघत नाही, आणि झिजेबद्दल ती काहीच सांगत नाही. झिजेसाठी तीन वेगळ्या चाचण्या आहेत आणि त्या एकमेकींच्या जागी चालत नाहीत. वाळू दाबून घासली जाते असं काम असेल, जसं रोटाव्हेटरचं पातं किंवा कन्व्हेयरचा स्क्रू, तर एएसटीएम जी ६५: रबराचं चाक आणि नमुना यांच्यामध्ये कोरडी वाळू सोडतात. कण हवेतून येऊन आदळत असतील तर जी ७६. त्यात सुमारे ५० मायक्रॉनचे ॲल्युमिनाचे टोकदार कण सेकंदाला ३० मीटर वेगाने मारतात. बुडबुड्यांसाठी जी ३२, म्हणजे २० किलोहर्ट्झवर थरथरणारं टोक पाण्यात. आमच्या गिरणीच्या बेंडसाठी कुणी जी ६५ चा सुंदर अहवाल दाखवला तर तो बाजूला ठेवायचा.

जी ७६ मागवताना ९० अंशांबरोबर ३० अंशांवरही घ्या, आणि तुमच्या यंत्रात कोणता कोन आहे ते आधी लिहून द्या. अहवालात झीज ग्रॅममध्ये असेल तर घनफळात मागा. टंगस्टन कार्बाइडच्या लेपाची घनता १३-१४, पोलादाची ७.८, सिरॅमिक भरलेल्या इपॉक्सीची त्याहून कितीतरी कमी. ग्रॅमची तुलना केली की हलका माल उगाच हुशार दिसतो. फवारून चढवलेल्या लेपाची पकड सी ६३३ ने तपासतात: गोंदाने चिकटवून ओढायचं. तुटलं कुठे, हे आकड्याइतकंच महत्त्वाचं. गोंदात तुटलं तर लेपाची पकड त्याहून जास्त आहे एवढंच कळतं. लेप धातूपासून सुटला तर पृष्ठभागाची तयारी कच्ची होती.

आणि पावसाळ्यात इथे तयारी कच्चीच राहते. ग्रिट ब्लास्टिंग करून करड्या पांढऱ्या झालेल्या पोलादावर जून-जुलैच्या हवेत काही तासांत लालसर छटा येते, आणि तिच्यावर चढवलेला लेप कितीही महाग असला तरी सुटतो. पोलादाचं तापमान दवबिंदूपेक्षा निदान तीन अंशांनी जास्त हवं, हा साधा नियम. वर्कशॉपमध्ये दवबिंदू मोजायचं साधन आहे का, हे विचारा. नसेल तर काम उन्हाळ्यात द्या.

प्रयोगशाळा एनएबीएलची मान्यता असलेलीच घ्या, पण मान्यता त्या विशिष्ट चाचणीसाठी आहे का ते पाहा. कडकपणासाठी मान्यता असलेली जागा झिजेच्या चाचणीसाठी असेलच असं नाही. नमुना तुमच्याच जॉबवरून, किंवा त्याच जाडीच्या पत्र्यावर, त्याच वेल्डरने, तितक्याच थरांत केलेला द्या, आणि करारात तसं लिहून घ्या. त्यातही परवडत असेल तर स्वतःच्या यंत्रावरची चाचणी सर्वांत खरी. दोन नळ्यांना दोन वेगळे उपाय लावा, बाहेरून पंचाने खुणा करा, हंगामाच्या आधी आणि नंतर त्याच खुणांवर अल्ट्रासॉनिक जाडीमापक लावा. मोजताना सरासरी लिहू नका, सर्वांत पातळ ठिकाण लिहा. भोक सरासरीवर पडत नाही. आणि फुटलेला तुकडा भंगारवाल्याला देण्याआधी मधोमध कापून बघा, निदान मोबाइलवर फोटो तरी काढून ठेवा; पुढचा विक्रेता आला की त्याच्यासमोर ठेवायला तोच उपयोगी पडतो.