मॉनिटरपासून सुरुवात

ओपन वर्ल्ड गेमसाठी तगडा पीसी असेंबल करायचा, म्हणून इथे नागपुरात ओळखीची मुलं माझ्याकडे सुट्या भागांची यादी घेऊन येतात. यादीत सगळ्यात वर ग्राफिक्स कार्ड असतं आणि मॉनिटर बहुतेक वेळा नसतोच. माझे सल्ले मात्र उलट्या क्रमाने सुरू होतात.

१. आधी मॉनिटर ठरवा. १०८०पी पडद्यावर सुमारे २१ लाख पिक्सेल असतात, १४४०पीवर ३७ लाख आणि फोर-केवर ८३ लाख. फोर-के घेतलात की प्रत्येक फ्रेममागे १०८०पीच्या चौपट पिक्सेल रंगवावे लागतात. ‘सायबरपंक २०७७’मध्ये पाथ ट्रेसिंग लावलं, की नेटिव्ह फोर-केला आरटीएक्स ४०९० सुद्धा धापा टाकतं. २७ इंची १४४०पी मॉनिटर मला सर्वांत शहाणा सौदा वाटतो.

२. सरासरी एफपीएसवर भाळू नका. ६० एफपीएस म्हणजे एका फ्रेमला साधारण १६.७ मिलिसेकंद. सरासरी ९० असली तरी वळणावर एखादीच फ्रेम ६० मिलिसेकंद अडली, की हाताला झटका जाणवतो. ओपन वर्ल्डमध्ये हे जास्त घडतं, कारण तिथे जग सलग असतं, आणि मला तर त्या सलगपणाचंच वेड आहे. तुम्ही घोडा दौडवत असता तेव्हा पुढचा डोंगर डिस्कवरून उचलला जात असतो, उलगडला जात असतो. शिवाय गर्दीतल्या प्रत्येक माणसाची हालचाल प्रोसेसरला सांभाळायची असते. म्हणून या गेमसाठी प्रोसेसरवर हात आखडू नये. रायझन ७ ७८००एक्सथ्रीडीमध्ये ९६ एमबी एलथ्री कॅशे आहे. लागणारा डेटा जवळच सापडतो, रॅमकडे खेपा कमी होतात. रिव्ह्यू वाचताना ‘वन पर्सेंट लो’चा, म्हणजे सर्वांत मंद एक टक्का फ्रेमचा आकडा बघा, खरं तिथे कळतं.

३. हार्ड डिस्कवर गेम ठेवू नका. ‘स्टारफील्ड’ला एसएसडी लागतेच, २०२३च्या २.० अपडेटपासून ‘सायबरपंक’लाही. ‘रेड डेड रिडेम्प्शन २’ एकटाच १५० जीबी मागतो. २ टीबीची एनव्हीएमई घ्या. जेन फाइव्हचा हट्ट नको.

४. रॅम ३२ जीबी, १६च्या दोन पट्ट्या. चार स्लॉटच्या बोर्डवर सहसा प्रोसेसरकडून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये. बायोसमध्ये एक्स्पो चालू करा, नाहीतर ६०००ची रॅम ४८००वरच चालत राहते.

५. एसएमपीएस आणि यूपीएस यांचा हिशोब एकत्र करा. ४०९० कार्ड ४५० वॉट घेतं आणि क्षणभर त्याहून वर उसळतं, म्हणून चांगल्या दर्जाचा १००० वॉटचा एसएमपीएस. पण घरातला ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॉटच देतो. ऐन गेममध्ये वीज गेली, तर तोही क्षणात मान टाकतो. जास्त क्षमतेचा, शुद्ध साइन वेव्ह देणारा यूपीएस घ्या आणि घरातल्या विजेच्या बोर्डाचं अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या. कार्डाची पॉवर केबल पूर्ण आत बसली पाहिजे, प्लगजवळ ती वाकवू नका.

६. विदर्भाचा उन्हाळा यादीत धरा. कुठलाही पंखा किंवा लिक्विड कूलर प्रोसेसरला खोलीपेक्षा थंड करू शकत नाही. २५ अंशांच्या खोलीत ७० दाखवणारा भाग ४० अंशांच्या खोलीत ८५च्या आसपास जाणार. पुढून जाळीचं कॅबिनेट, मोठे पंखे, महिन्यातून एकदा फिल्टरची धूळ साफ. खोलीत एसी नसेल, तर मे महिन्यात कार्डाची पॉवर लिमिट ८० टक्क्यांवर आणा. वेग फारसा घटत नाही, उष्णता चांगलीच उतरते.

७. तयार पीसीची परीक्षा गेममधल्या बेंचमार्कवर थांबवू नका. ‘सायबरपंक’च्या ‘फँटम लिबर्टी’ या विस्तारातल्या डॉगटाउनमध्ये क्राउड डेन्सिटी ‘हाय’ ठेवा, गाडी सुसाट पळवा आणि फ्रेम टाइमच्या रेषेवर नजर ठेवा. रेषा सपाट राहिली, तर पैसे योग्य जागी लागले.