स्वस्त व सोबत नेण्याजोगा रेडिओ कसा निवडावा?

आपल्या भंडारा जिल्ह्यांतील शेतकऱ्यानें शॉर्टवेव्ह म्हणजे लघुलहरींचा रेडिओ घेण्यापूर्वीं काय ऐकावयाचें, हें प्रथम ठरवावें. १९४८ सालीं सुरू झालेल्या नागपूर केंद्रासाठीं मध्यमलहर पुरते. लघुलहरी दूरदेशींच्या केंद्रांसाठीं होत. त्यांवरील हिंदी कार्यक्रम बी.बी.सी.नें जानेवारी २०२० अखेर बंद केले. म्हणून केवळ जुन्या आठवणीवर पैसा घालूं नये, असें आम्ही सुचवितों.

घेणें ठरलेंच, तर ५.९ ते १८ मेगाहर्ट्झचा पल्ला, आंकडे दाखविणारी पट्टी व आठवडी बाजारांत मिळणारे सेल, या तीन गोष्टी पाहाव्या. लघुलहरी आकाशांतील विद्युद्भारित थरावरून परततात. दिवसां १६ ते २२ मीटरचे व रात्रीं ३१ ते ४९ मीटरचे पट्टे बहुधा चांगले लागतात. सबब परीक्षा दुकानांत दुपारीं न करतां सायंकाळीं मोकळ्या जागीं करावी. मोटारपंप व एल.ई.डी. दिवे यांजवळ खरखर वाढते. पांच-सहा मीटर तार दांडीस जोडल्यास क्षीण केंद्रहि स्पष्ट होतें. मात्र आभाळ गडगडण्यापूर्वींच ती काढावी. मध्यमलहरीसाठीं तार न जोडतां यंत्रच फिरवून पाहावें.