गुण सांगायचे ते समोर बसून

आईवडिलांविषयी बोला म्हटलं की आपण सगळे जवळपास एकच बोलतो. आई त्यागाची मूर्ती, बाबा वरून कडक पण आतून प्रेमळ. वाढदिवसाच्या स्टेटसला एवढं पुरतं. पालकहो, मला आज बोलायचंय ते याच्या पुढचं. आईवडिलांचा नेमका कुठला गुण आपल्याला भावला आणि तो लहानपणी कुठल्या प्रसंगात दिसला, हे त्यांना समोर बसून सांगावं. जमलं तर आपल्या मुलांच्या देखत.

हे बोलायला आपल्याकडे फार उशीर होतो. साने गुरुजींनी ‘श्यामची आई’ लिहिली १९३३ साली, नाशिकच्या तुरुंगात. त्यांची आई १९१७ मध्येच गेली होती. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२३ मध्ये रुपयाच्या प्रश्नावरचा आपला ग्रंथ आईवडिलांच्या स्मृतीला अर्पण केला, तेव्हा वडील रामजी सुभेदारांना जाऊन दहा वर्षं झाली होती. पुस्तकासाठी पैसे नसले की रामजी लग्न झालेल्या मुलींकडे जात, एखादा दागिना मागून आणत, तो गहाण ठेवत आणि पेन्शन हाती आली की सोडवून परत करत. शिक्षणाची तळमळ म्हणजे काय, हे त्या दागिन्याच्या येण्याजाण्यातून जेवढं कळतं तेवढं कुठल्या विशेषणातून कळणार?

नरेंद्र जाधवांचं ‘आमचा बाप आन् आम्ही’ मला म्हणूनच जवळचं वाटतं. पोर्ट ट्रस्टमधून निवृत्त झालेल्या वडिलांना त्यांनी आठवणी लिहायला लावलं. कमी शिकलेल्या त्या माणसाने आपल्याच बोलीत लिहिलं, आणि ते पुस्तकात आलं. वडील हयात असताना मुलाला त्यांची गोष्ट ऐकावीशी वाटली, हीच केवढी मोठी गोष्ट.

आता माझ्या घरातलं सांगते. १९८२च्या गिरणी संपानंतर लालबाग-परळची कितीतरी बिऱ्हाडं वसई-विरारकडे आली, त्यातलंच आमचं. आम्ही आलो त्या आचोळ्यात तेव्हा शेतं होती, चाळी नुकत्या उठत होत्या. बाबा गिरणीत साचेवाले, म्हणजे मागावर काम करणारे. संप लांबला, गिरणी सुटली आणि चाळिशीच्या आसपास त्यांनी शिलाई शिकायला घेतली. ज्याच्याकडे शिकत, तो मुलगा वयाने त्यांच्या निम्मा. बाबा त्याला ‘मास्तर’ म्हणत, अहोजाहो करत.

मशीनला दोरा न ओवता रेघांच्या वहीचं पान सुईखाली धरायचं आणि रेघेवरून सुई न्यायची, हा नवशिक्याचा पहिला धडा. वही माझी. पाय एका लयीत पडला नाही की भोकं रेघ सोडून जातात. रात्री जेवणं उरकली की बाबा ती पानं घरी काढत आणि बल्बसमोर धरत. बारीक बारीक भोकं ओळीने उजळायची. जिथे ओळ वाकडी झालेली असे तिथे बोट ठेवून मला सांगत, “हे बघ, इथे गाडी रुळावरून घसरली.” चुकलेलं पान त्यांनी कधी लपवलं नाही. पुढे माझ्या नोकरीत कॉम्प्युटर आला आणि शिकवायला माझ्याहून बरीच लहान मुलगी आली, तेव्हा मी तिला बिनदिक्कत ‘मॅडम’ म्हटलं. हे मी कुठे शिकले, ते मला पक्कं ठाऊक होतं.

आईचं वेगळंच. नळाला पाणी रात्री-अपरात्री यायचं, हंड्या-कळश्यांची रांग लागायची. शेजारी बाळंतीण असली की आई आपला हंडा मागे सारून आधी तिच्या घरची कळशी लावायची. कुणी आभार मानायला लागलं की म्हणायची, “पाणी जाईल गं, भर पटापट.”

हे सगळं मी दोघांना सांगितलं तेव्हा माझा मुलगा बाजूला बसला होता. आईने लगेच चहाचा विषय काढला. बाबा मात्र नीट ऐकत होते. “तुला वाटतं मला लाज वाटली नाही,” ते म्हणाले. “पहिल्या दिवशी मी दुकानाच्या दारातूनच मागे फिरलो होतो. मास्तरांनी हाक मारली म्हणून आत गेलो.” इतकी वर्षं मी समजत होते की शिकताना कमीपणा वाटू न देणं हा बाबांचा गुण. कमीपणा वाटत असूनही ते रोज त्या मशीनवर बसत होते, हे मी विचारलंच नसतं तर कळलं नसतं. मुलाने विचारलं, “मग आजोबा, दुसऱ्या दिवशी?” आणि बाबा त्याला मास्तरांच्या सगळ्या गोष्टी सांगत बसले.

तेव्हा नुसतं कौतुक करून थांबू नका. प्रसंग सांगा आणि विचारा: तेव्हा मनात काय होतं? भीती होती का? पैसे कुठून आणलेत? मूल लहान असताना त्याला आईबाबांची कृती दिसते, तिच्यामागची घालमेल दिसत नाही.

काही जण मला म्हणतात, आमचे वडील कधी दोन शब्द गोड बोलले नाहीत, मारायचे, आम्ही काय आठवायचं? त्यांच्यावर मी कसलीही सक्ती करणार नाही. दुखलेलं दुखलेलंच असतं, ते झाकून कौतुक करायला कुणी सांगू नये. मनापासून आवडलेलं काही सापडलं, सायकलची चेन बसवायला शिकवलेलं का असेना, तर तेवढंच सांगा. नाही सापडलं तर आजी, मावशी, एखादे शिक्षक, ज्यांनी आपल्याला घडवलं त्यांच्याकडे जा.

आईवडील गावी असतील तर रविवारी फोन लावा, स्पीकरवर ठेवा आणि मुलांना जवळ बसवा. सुरुवातीला पलीकडून “बरं बरं, जेवलात का?” एवढंच येईल. फोन ठेवू नका, प्रसंग सांगायला लागा.